एकदाणीचे दात

छत्तीस वर्षांची होती मी तवा. छत्तीस! अन् भोजराजच्या होणाऱ्या सासूनं, माह्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईनं, साक्षगंधाच्या भर बैठकीत माह्याकडे बोट करून इचारलं, "ह्या आजी कोण हो?"

भोजराज म्हंजे माह्या दिराचा, तेजरामचा, एकुलता एक पोट्टा. कटंगीपासून कोसभर आमचं गाव. पोरीकडचे पंधरा-वीस जण ओसरीत बसले होते अन् मी तोंडावर पदर धरून चहा वाटून राह्यली होती. ती बाई तशी बोलली अन् तेजराम हासत म्हणला, "आजी नाई, माही भावजय हाय. दात नाईत ना, म्हणून तशी दिसते." झालं! सगळी ओसरी हासली. माही जाऊ शेवंता, तीबी पदराआड हासली. मी बशा तिथंच ठेवल्या अन् मागं गोठ्यात जाऊन रडली. दुःखाचं नाई, रागाचं रडू होतं ते.

दात मी काही देवाले वाह्यले नव्हते. आमच्या भुरी म्हशीले दावणीले बांधताना तिनं मान झटकली, शिंग सरळ माह्या तोंडावर. वरचे समोरचे दोन दात मुळासकट शेणात पडले. तवा माहा नवरा होता. म्हणला, "धान निघू दे, बालाघाटले जाऊ, दात लावून घेऊ." धान निघालं, अन् त्याच मार्गशीर्षात तापानं तो गेला. सा महिन्यांनी मी तेजरामजवळ दातांची गोष्ट काढली तर आंगणात, गड्यांसमोर म्हणते कसा, "रांडमुंड बाईले दात कायले? कोणाले दाखवाचे हायेत?"

माणूस इतकं बोलते अन् मंग आंघोळीले जाते, जेवते, झोपते. मी मात्र त्या दिवसापासून तोंडावर पदर घेतला. आता मी किती बोलकी, हे माह्या माहेरी तुमसरले कोणालेबी इचारा. तोंड बंद ठेवणं म्हंजे मले फाशी. अन् उघडलं तर फक्कन हवा बाहेर. गल्लीतले पोट्टे माही नक्कल करत. चार वर्षं मी हूं-हूं करून काढली. लोक म्हणत, अनुसया सुधरली बाप्पा, नवरा गेल्यावर कशी शांत झाली.

सुधरली! थांबा म्हणलं.

आता एकदाणीची गोष्ट. माह्या मायनं लग्नात मले सोन्याच्या मण्यांची एकदाणी घातली होती, तिच्या गळ्यातली काढून. नवरा गेला त्या दिवशी सगळे डाग-दागिने उतरवले तशी तीबी उतरली, अन् तेजरामनं आपल्या पेटीत ठेवली. "सांभाळून ठेवतो वहिनी, चोराचे दिवस हायेत." मी मानलं. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी मले जावेकडून समजलं का ती एकदाणी नव्या सुनेले चढवणार हायेत. मले कोणी इचारलं? नाई. जिच्या मायची चीज तिले साधं सांगतलंबी नाई.

अन् मंग त्यांनी जे केलं, ते फक्त आमच्याच घरचे करू शकतात. डाग उजळवाचं काम आमच्या घरी माहंच. रिठे भिजवावे, फेस काढावा, हलक्या हातानं चोळावं. माह्या हातानं सोनं झळकते असं सगळेच म्हणत. तर लग्नाच्या वीस दिवस आधी शेवंतानं ती एकदाणी आणून माह्याच हातात देल्ली. "बाई, जरा रिठ्यानं धुऊन द्या न. तुमच्या हातचं गजब चमकते."

घ्या! चोर कोण, मालक कोण, काही इचार नाई. काम माहं म्हणून माह्याकडे आणून देल्लं, बस.

विहिरीजवळ बसून मी ती धुतली. एक एक मणी चोळला. फेस निघाला तशी माय आठवली. मायले तोंडभर दात होते, मरेपर्यंत ऊस सोलून खाये. अन् तिची पोरगी इथं छत्तिसाव्या वर्षी आजी! मी एकदाणी पदराच्या टोकाले बांधली, कमरेले खोचली, हातबी नीट पुसले नाईत, अन् सरळ कटंगी टेसनाचा रस्ता धरला. छोटी गाडी उभीच होती. टिकिटवाला म्हणला, "कहाँ जाना है, अम्मा?" अम्मा! मी म्हणलं, "बालाघाट. और अम्मा होगी तेरी सास."

बालाघाटले माही मामेबहीण प्रेमलता राह्यते. तिचे मालक कलेक्टर कचेरीत. तिनं दार उघडलं, माही गोष्ट ऐकली अन् कपाळाले हात लावला. "अनुसया, लोक काय म्हणतील गं? विधवा बाई अन् दात लावून घ्यायचे?"

"चार वर्षं लोक म्हणत होते, मी ऐकत होती," मी म्हणलं. "आता मी म्हणीन, लोकायनं ऐकाव. डॉक्टर कुठी बसते ते सांग."

बिचारी भित्री हाय, पण मनाची बरी. सोबत आली.

गुणाकर डॉक्टर म्हंजे जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे. त्यायनं माहं तोंड उघडून आरसा फिरवला अन् म्हणाले, "दोन उपाय आहेत, बाई. एक म्हणजे कवळी. स्वस्त, सोपी. दिवसा लावायची, झोपताना काढून वाटीत ठेवायची."

"निघते?" मी इचारलं.

"हो, सहज निघते."

"मंग नको. निघते ती कोणीबी काढून पेटीत ठेवते. दुसरं सांगा."

डॉक्टरनं प्रेमलताकडे पाह्यलं. ती छताकडे पाहून राह्यली होती. मंग त्यायनं दुसरं सांगतलं. त्याले ब्रिज म्हणतात. पडलेल्या दातांच्या दोन्ही बाजूचे जे धड दात हायेत ते घासून बारीक कराचे, त्यांच्यावर टोप्या बसवाच्या, अन् त्या टोप्यांच्या मधात नवे दोन दात जोडलेले. चारही मिळून एक तुकडा. तो एकदा चिकटवला का चिकटवला. "पण बाई, नीट विचार करा," ते म्हणाले. "दोन चांगले दात घासावे लागतात. ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. एकदा घासले की मागे फिरता येत नाही."

धड दातायले हात लावाचा, हे आयकून मले भेव वाटलं, खोटं काहून बोलू? जे गेले ते गेले, जे हायेत तेबी घासाचे? मंग मी पदराची गाठ सोडली अन् एकदाणी टेबलावर ठेवली. "घासा. अन् हे सोनं वापरा."

दात ओतणारा माणूस मागच्या खोलीत बसे, हिरालाल. आधी तो सोनार होता. सरकारचा सोन्याचा कायदा आला, चोख सोन्याचे डाग घडवणं बंद झालं, अन् कितीतरी सोनारायची भट्टी थंडी पडली, हा त्यातलाच. त्यानं मणी कसोटीवर घासला, डोळे बारीक करून पाह्यलं अन् म्हणला, "असली माल है, बाई. पुराना काम. तोड़ने को जी नहीं करता."

"तोड़ो भैया," मी म्हणलं, "मेरे गले में तो अब कोई डालने नहीं देता."

त्यानं माह्याकडे पाह्यलं. आपल्या हातानं एक एक मणी वाटीत मोजत टाकला.

डॉक्टर म्हणाले, निव्वळ सोनं नरम पडते, चावताना दबते, म्हणून त्यात दुसरा धातू मिसळावा लागन. मिसळा म्हणलं. मंग त्यायनं इचारलं, "समोरून पांढरा मुलामा देऊ ना? म्हणजे खऱ्या दातांसारखे दिसतील, कोणाला कळणार नाही."

"काहून कळू नये? चारही सोन्याचे ठेवा. दिसू द्या."

"बाई, चार दात समोरच चमकतील."

"हौ. चमकू द्या."

घासणं म्हंजे काय, ते ज्याचं झालं त्यालेच ठाव. सुई देल्ली होती, तरी ते पायानं चालवाचं यंत्र किरकिर करे अन् माह्या डोक्यात घुमे. जळल्या शिंगासारखा वास ये. मी खुर्चीचे हात असे धरले का नख तुटलं. मंग लाल मेण गरम पाण्यात नरम करून तोंडात दाबलं, साचा काढला. प्रेमलताच्या घरी येऊन आरसा पाह्यला तर मधात खिंडार अन् दोन बाजूले दोन खुंट्या! आधी आजी होती, आता तर मी भूतच दिसून राह्यली होती. पाणी प्यालं तरी कळ ये. प्रेमलता मले कोमट पेज दे अन् माह्याकडे पाहून डोळे पुसे. मी तिले म्हणलं, "रडून नको राहू वं, रडाचं काम माहं हाय, अन् मले सध्या वेळ नाई."

पाचव्या दिवशी भोजराज आला. पायरीवर चपला काढून उभा. "मोठी माय, बाबा म्हणून राह्यले, एकदाणी देऊन टाक. नाई तर पंच बसवतो."

ह्या पोट्ट्याले मी कडेवर खेळवलं. मी पदर काढला अन् तोंड उघडून दाखवलं. तो दचकून मागं सरला.

"एकदाणी आता नाई, बाबू. मुशीत वितळली. मी आता मागं फिरली तर न दात, न सोनं, अशी घरले येईन. तुह्या बापाले सांग, खुशाल पंच बसव. शनिवारच्या गाडीनं मी येऊन राह्यली."

तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राह्यला. मंग हळूच म्हणला, "मोठी माय, त्या दिवशी त्या बाईनं तुले आजी म्हणलं, मले बिलकुल चांगलं नाई वाटलं." अन् गेला. इतकंच बोलला, पण मले बरं वाटलं. घरात एक तरी होता.

शुक्रवारी डॉक्टरनं काचेवर पांढरी भुकटी अन् काहीतरी पातळ घोटलं, टोप्यायत भरलं, अन् तो चार दातांचा तुकडा माह्या तोंडात दाबून धरला. "चावून धरा, बाई. हलू नका. बोलू नका." शेवटचंच अवघड होतं. पण मी बोलली नाई. उरलेल्या मण्यांतून डॉक्टरची अन् हिरालालची मजुरी गेली; मायचा एक मणीबी तेजरामच्या पेटीसाठी राह्यला नाई. मंग आरसा माह्या हातात देल्ला. मी हासून पाह्यलं. बाप्पा! चार वर्षांनी मी स्वतःले हासताना पाह्यलं. हिरालाल दारातून पाहून म्हणला, "रानी दिखती हो, बाई." प्रेमलता म्हणली, "सोनाराचं दुकान दिसते." आमी दोघी हासत सुटलो.

शनिवारी गाडीतून उतरली तीच सरळ दादाजींच्या ओसरीवर. दादाजी आमच्या जातीचे म्होरके, ऐंशीचे, तोंडात एक दात नाई. पाच पंच, गावातले माणसं, एका बाजूले बाया. तेजराम पहिलेच उभा होता.

"घरचं सोनं चोरून पळाली," तो म्हणला. "लग्न तोंडावर आलं. पंचायनं निकाल द्यावा."

दादाजींनी माह्याकडे पाह्यलं. "काय वं अनुसया? सोनं कुठी हाय?"

मी पदर खाली सोडला, दोन पावलं उन्हात गेली अन् तोंड उघडलं.

"अगं माय वं!" बायांतून आवाज उठला. एक पोट्टं टाळ्या पिटाले लागलं तर त्याच्या मायनं त्याले दाबलं. तेजरामचं तोंड पांढरं पडलं. मंग लाल झालं.

"काढ!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता काढ ते!"

"काढ ना. ये," मी म्हणलं अन् त्याच्यासमोर जाऊन खाली बसली, मान वर करून. "सांडशी आण घरून. पण पहिले सांगून ठेवते, हे चिकटवलेलं हाय. निघन तर माहे दोन धड दात घेऊन निघन. पाह्यजेत का तुले भावजयीचे दात? पंचायसमोर उपटतो का?"

त्याचा हात उठलाच नाई.

मंग एक पंच म्हणला, "बाई, सोन्याची गोष्ट वेगळी. पण रांड बाईनं सोनं घालू नये हे तुले ठाव नाई का?"

"अंगावर नाई घातलं, काका," मी म्हणलं. "अंगात घातलं. त्याचा नियम कोणता हाय, सांगा."

तो दुसऱ्या पंचायकडे पाहाले लागला. तेव्हा मी उठली अन् दादाजींकडे वळली. जे बोलाचं होतं ते चार वर्षं तोंडात अडकलं होतं. "दादाजी, माहा मालक गेला तवा तुमी होता. मयताच्या तोंडात सोनं घालाव लागते. घरात तुकडा सापडेना. तेजरामनं माह्या गळ्यातल्या ह्याच एकदाणीचा धागा तोडला, दोन मणी काढले अन् भावाच्या तोंडात घातले. तवा ते सोनं माहं होतं. तवा कोणी नाई म्हणलं का घरचं हाय म्हणून. अन् राख सावडली तवा ते मणी कोणी शोधले का? तोंडात गेलेलं सोनं आपल्यात कोणी परत मागते का?"

दादाजींचे पोकळ गाल हलाले लागले. मले वाटलं संतापले. मंग पाह्यलं तर बुढा हासून राह्यला होता, तोंडावर हात ठेवून, मी ठेवत होती तसाच.

"तेजराम," ते म्हणले, "तोंडातलं सोनं कोणी मागत नाई बावा."

"ते मेलेल्याचं!" तेजराम बोंबलला. "ही तर जिती हाय!"

"मंग मरेपर्यंत थांब," दादाजी म्हणले.

सगळे हासले. पण ह्यावेळी माह्यावर नाई. मी तेजरामजवळ गेली. आवाज चढवाची गरजच नव्हती, आता हवा कुठून निघतच नव्हती. "थांब बापा, वाट पाह्य माह्या मरणाची," मी म्हणलं. "तोवर मी तुह्या तेरवीचे वडे चावून खाईन. अन् कोणाले दाखवाचे हायेत म्हणून इचारत होता ना? तुले. रोज सकाळी."

लग्न झालं. सुनेले तेजरामनं दुसरा डाग केला. वरातीत मी तोंड उघडं ठेवून गाणे म्हणले, अन् मले आजी म्हणणाऱ्या त्या इहिणीले मी स्वतः पानसुपारी देल्ली, चांगली हासून.

वाटलं, झालं, संपलं. पण लग्नाच्या आठव्या दिवशी मी मागच्या ओट्यावर फुटाणे खात बसली होती तर शेवंता आली. कामावाचून ती माह्याकडे कधी ये नाई. बसली नाई, उभीच. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. मंग गालात बोट घालून गाल बाजूले ओढला. खालच्या दोन दाढा नव्हत्या. एक हिरडी अजून नीट भरली नव्हती.

"बाई," ती म्हणली, "हे लागतात का?"

ह्या दाढा कशा गेल्या ते मले ठाव होतं. 'विहिरीवर पाय घसरला' असं तिनं सगळ्यायले सांगतलं होतं. पण आमच्या दोन घरायत एकच भिंत हाय. तेजरामचा आवाज मी आयकला होता, तिचं वरडणं आयकलं होतं, अन् दुसऱ्या दिवशी तोंडावर पदर धरून 'हूं, घसरली असन' म्हणून मी गप्प बसली होती. मले वाटे का तोंड बंद ठेवाची शिक्षा फक्त माहीच हाय. शरम वाटली मले. चार सोन्याच्या दातायची शरम वाटली.

"लागतात," मी म्हणलं.

"दुखते का?"

"दुखते. घासताना लय दुखते. पण ते दुखणं एकदाच हाय."

ती हातातल्या पाटल्या फिरवत राह्यली. तिच्या मायच्या पाटल्या, मले ठाव होतं. मंग तिनं एक पाटली सुटते का पाह्यलं. सुटेना, तर मी तेलाची वाटी आणून देल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघी पिशव्या घेऊन आंगणातून निघालो. तेजराम ओट्यावर दातन करून राह्यला होता. त्यानं माह्याकडे पाह्यलंच नाई, तिच्याकडे पाह्यलं. "कुठी चालली?"

मी बोलणार होती. उत्तर जिभेवर तयार होतं. पण शेवंतानं माहा हात दाबला. वीस वर्षांत ह्या बाईले नवऱ्यासमोर मान वर करताना मी पाह्यलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, तोंडावरचा काढला.

"बालाघाटले," ती म्हणली. "दात लावाले. तू तोडले ते."

तेजरामच्या हातातली काडी तशीच राह्यली. आमी चालाले लागलो, अन् फाटकाबाहेर आल्यावर पाह्यलं तर तिनं माहा हात अजून सोडला नव्हता, अन् तिचं पाऊल लहान पडून राह्यलं होतं. म्हणून मी हळू चालली.